अल्फा यूथ सिरीज: मुस्लिम घरांतून आलेली मुलं गटात असतील तेव्हा

युवा सेवेसाठी नवा कोर्स कुठला घ्यायचा, अशी चर्चा मंडळीत (चर्चमध्ये) निघाली की पहिलं नाव अल्फाचं येतं. अल्फा म्हणजे जेवण, व्हिडिओ आणि गप्पांतून ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा कोर्स, आणि यूथ सिरीज ही त्याची तरुणांसाठीची व्हिडिओमालिका. साहित्याला पैसे पडत नाहीत, व्हिडिओ तयार असतात, गटप्रमुखांसाठी प्रश्नांची पुस्तिका आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओही मिळतात. ख्रिस्ती घरांतल्या कंटाळलेल्या मुलांवर आणि देवाधर्माशी काडीचा संबंध नसलेल्या मुलांवर हा कोर्स चांगला चालतो, याबद्दल फारसं दुमत नाही. हे परीक्षण तिसऱ्याच मुलांचा विचार करून लिहिलं आहे. त्यांनी लहानपणी कुराण वाचून पूर्ण केलंय, रोजे धरलेत, आणि आता ती येशूविषयी विचारायला आली आहेत किंवा विश्वास ठेवूनच आली आहेत. त्यांच्यातल्या काहींना पुढे युवा सेवेचंच पाचारण (देवाचं बोलावणं) जाणवतं, आणि अल्फाची रचना त्यांना तिथवर न्यायला मदतही करते. पण वाटेत तीन-चार जागा अशा आहेत की छापील वेळापत्रकाप्रमाणे गेलं तर गाडी तिथे हमखास अडते.

निकाल आधीच सांगतो. जेवण आणि गप्पांची पद्धत उत्कृष्ट. पहिली तीन सत्रं बदलल्याशिवाय वापरू नयेत. ‘इतरांना कसं सांगावं’ हे सत्र जसंच्या तसं चालवणं धोक्याचं. आणि कोर्स संपला की पाहुण्यालाच पुढच्या फेरीत मदतनीस करायचं, ही अल्फाची लाडकी प्रथा या मुलांच्या बाबतीत फार जपून वापरावी लागते.

साचा

अल्फाची संध्याकाळ तीन तुकड्यांची: जेवण, व्हिडिओ, चर्चा. व्हिडिओ साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, आणि यूथ सिरीजमध्ये तो मध्येच थांबवून प्रश्नावर बोलायची सोय आहे. गट आठ ते बारा जणांचा ठेवावा, त्यातच यजमान (चर्चा चालवणारा गटप्रमुख) आणि मदतनीस धरलेले. विषयांची साखळी ठरलेली आहे: आयुष्यात आणखी काही आहे का, येशू कोण, तो का मरण पावला, विश्वास कसा ठेवायचा, प्रार्थना, पवित्र शास्त्र, देवाचं मार्गदर्शन, पवित्र आत्मा, वाइटाचा प्रतिकार, इतरांना सांगणं, आरोग्यदान आणि मंडळी. पवित्र आत्म्याचे विषय एका दिवसाच्या किंवा मुक्कामाच्या शिबिरात एकत्र घेतात.

या सगळ्यात सगळ्यात भक्कम गोष्ट जेवणाची. एकत्र बसून जेवलं की बोलणं सुटतं, आणि मुस्लिम घरातून आलेल्या मुलाला पाहुणचाराची भाषा कुणी शिकवावी लागत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे सगळं जेवण सगळ्यांना चालेल असंच ठेवा. एका पदार्थावर ‘यात डुकराचं मांस आहे’ अशी चिठ्ठी लावली की ज्याच्यासाठी चिठ्ठी लावली त्याच्याकडे सगळे बघतात. विश्वासात आल्यानंतरही पुष्कळांना हे मांस वर्षानुवर्षं नको वाटतं. ते खाल्लं की विश्वास पक्का, असली परीक्षा थट्टेतसुद्धा घेऊ नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय नेमका याच प्रकारच्या ताणावर लिहिलेला आहे. दुसरी गोष्ट तारखांची. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षी मोकळा असलेला काळ यंदा मोकळा असेलच असं नाही. कोर्स जवळजवळ तीन महिने चालतो. रोजा सोडायच्या वेळी मूल घरी नसलं की घरात लगेच लक्षात येतं, आणि प्रश्न सुरू होतात. फेरीची तारीख ठरवताना रमजान आणि दोन्ही ईद आधी कॅलेंडरवर मांडून घ्या.

मिश्र गटात बोलायला संकोचणाऱ्या मुली असतील तर व्हिडिओ एकत्र आणि चर्चा वेगळी, असा बदल बिनधास्त करावा. कोर्स त्यात बिघडत नाही.

पहिली तीन सत्रं कुठे अडतात

अल्फा १९७७ साली लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या चर्चमध्ये सुरू झाला. तेव्हा तो नव्याने विश्वासात आलेल्यांना पाया शिकवण्यासाठी होता. १९९० मध्ये निकी गंबेल यांनी तो हाती घेतला आणि चर्चबाहेरच्या माणसाकडे वळवला. गंबेल पेशाने वकील, आणि विद्यार्थिदशेत विश्वासात येण्याआधी नास्तिक. कोर्सच्या मांडणीत ते आजही दिसतं. समोरचा माणूस देव मानत नाही, येशू खरोखर होऊन गेला का याची त्याला शंका आहे, आणि पुरावे मांडत मांडत त्याला विश्वासाच्या दारापर्यंत आणायचं आहे, असा हा हिशोब आहे.

मुस्लिम पार्श्वभूमीच्या मुलाचं नेमकं उलट असतं. देव आहे यात त्याला शंका नाही. येशू झाला का हा प्रश्न त्याला विचित्र वाटतो, कारण ईसा (येशू) त्याच्याही श्रद्धेतले मोठे नबी आहेत. कुमारी मरियमेचा मुलगा हे त्याला मान्य आहे (कुराण १९ वा सूरा, म्हणजे अध्याय). आंधळ्याला दृष्टी देणं, कुष्ठरोग्याला बरं करणं, मेलेल्याला उठवणं हेही मान्य आहे (३:४९). त्यामुळे ‘आयुष्यात आणखी काही आहे का’ या पहिल्या सत्रात तो सभ्यपणे बसून राहतो, दुसऱ्यात कंटाळतो आणि तिसऱ्यात एकदम थबकतो, कारण तिसरं सत्र विचारतं ‘येशू का मरण पावला?’ आणि त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की तो वधस्तंभावर मेलाच नाही (४:१५७). ‘का’वर चाळीस मिनिटं चर्चा होते, आणि ‘मेला का’ हा त्याचा खरा प्रश्न टेबलावर येतच नाही. बाकीचे मित्र पापक्षमेवर बोलत असतात म्हणून तोही मान डोलावतो. यजमानाला वाटतं सत्र छान झालं.

दुसऱ्या सत्रातला नेहमीचा युक्तिवादही इथे चालत नाही. येशूने स्वतःविषयी जे दावे केले ते पाहता तो खोटारडा, वेडा किंवा प्रभू यांपैकी एक असलाच पाहिजे, असं तीन पर्यायांचं कोडं मांडतात. या मुलाकडे चौथं उत्तर तयार असतं: तो खरा नबी होता, पण ते दावे त्याचे नव्हेत, नंतर कुणीतरी पुस्तकात घातले. म्हणजे वाद येशूच्या स्वभावाचा नसून इंजील (शुभवर्तमान) बदललं गेलं की नाही याचा असतो. तो सोडवल्याशिवाय कोडं सांगण्यात अर्थ नाही.

इथे एक सोपी दुरुस्ती कामाला येते. येशू ऐतिहासिक होता हे पटवण्यासाठी हस्तलिखितांचा जो पुरावा देतात, तोच उचलून दुसऱ्या प्रश्नाला लावा. नव्या कराराची कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस ही मोठी ग्रीक हस्तलिखितं चौथ्या शतकातली आहेत. इस्लामच्या परंपरेप्रमाणे मुहंमद पैगंबरांना पहिला संदेश इ.स. ६१० च्या सुमारास मिळाला. म्हणजे सातव्या शतकात लोकांच्या हातात जे पुस्तक होतं ते कसं होतं हे आज तपासता येतं, आणि वधस्तंभ त्यात आहे. त्याबरोबर हेही प्रामाणिकपणे सांगावं की हस्तलिखितांत फरक आहेत: मार्कच्या शुभवर्तमानाचा लांब शेवट (१६:९–२०) आणि योहानातला व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग (७:५३–८:११) सर्वांत जुन्या प्रतींमध्ये नाहीत. हे यजमानाने आधी सांगितलं तर तो अभ्यास ठरतो, आणि मुलाने इंटरनेटवर शोधून काढलं तर लपवाछपवी. कुठल्याही गटात हा मुद्दा दोन-तीन आठवड्यांत निघतोच.

आमच्या मते क्रम असा लावावा. पहिलं सत्र गाळावं किंवा फक्त ओळखीच्या जेवणाचं ठेवावं. त्यानंतर दोन आठवडे व्हिडिओ नको. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद या ओळखीच्या नावांच्या गोष्टी उत्पत्ती, निर्गम आणि स्तोत्रांतून वाचाव्यात, आणि प्रत्येक गोष्टीत एकच प्रश्न विचारावा: इथे माणसाची लाज आणि दोष कोण झाकतो, आणि कशाने? उत्पत्ती ३:२१ पासून उत्पत्ती २२ पर्यंत यायला तेवढे दोन आठवडे पुरतात. अब्राहामाच्या अर्पणाची गोष्ट त्याला बकरी ईदमुळे आतून ठाऊक असते. अर्पणाचा मुलगा इसहाक (पवित्र शास्त्राप्रमाणे) की इश्माएल (बहुतेक मुस्लिमांच्या मते) हा फाटा तिथे निघेल. त्याची नोंद करा आणि पुढे जा, संध्याकाळ त्यात घालवू नका. बदली म्हणून दिलेला मेंढा दोन्हीकडे आहे आणि धागा तिथे आहे. त्यानंतर येशू कोण आणि तो का मरण पावला ही सत्रं घेतली की तीच फिल्म, तेच प्रश्न, पण चर्चा वेगळ्या खोलीची होते.

‘देवाचा पुत्र’ या शब्दांवर थांबावंच लागतं. शारीरिक अर्थाने देवाला मूल होणं ही कल्पना त्याच्या दृष्टीने शिर्क (देवाला भागीदार जोडण्याचं पाप) आहे, आणि ख्रिस्ती विश्वासही ती नाकारतोच. हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) समजवायला पाणी-बर्फ-वाफ किंवा अंड्याचे तीन भाग असले दाखले वापरू नका. ते ख्रिस्ती शिकवणीशीही जुळत नाहीत, आणि तौहीदचं (देव एकच, या शिकवणीचं) शिक्षण झालेला सोळा वर्षांचा मुलगा ते दोन मिनिटांत मोडतो.

यजमान उत्तर देत नाही, हे ठीक आहे का?

अल्फाच्या प्रशिक्षणात यजमानाला एक गोष्ट वारंवार सांगतात: उत्तर देऊ नको, ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचार. विश्वास हरवलेल्या मुलांसाठी हे औषध आहे, कारण त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. पण ज्याच्या घरी धर्माचा प्रश्न जाणत्याला विचारतात आणि उत्तर ऐकतात, त्याला या प्रतिप्रश्नाचा अर्थ ‘यांना माहीत नाही’ असा लागतो. दोन-तीनदा असं झालं की तो गटात विचारणं थांबवतो आणि रात्री फोनवर वादविवादांचे व्हिडिओ पाहून उत्तरं शोधतो, आणि तिथे आवाज चढवणाऱ्यांची सरशी असते.

मधला मार्ग असा: चर्चेचा नियम कायम ठेवा, पण टेबलावर कोरे कागद ठेवा. ज्याचा प्रश्न राहिला त्याने नाव न घालता लिहून द्यावा. पुढच्या आठवड्यात जेवणानंतरची दहा मिनिटं त्यांतल्या एका-दोन प्रश्नांना सरळ उत्तर देण्यासाठी ठेवावी, आणि उत्तर तयारी केलेल्याने द्यावं. पहिल्या महिन्यात बहुधा हे येतात: योहान १४:१६ मधला साहाय्यक म्हणजे मुहंमद पैगंबर का (यामागे कुराण ६१:६ असतं), येशूची मूळ शिकवण प्रेषित पौलाने बदलून टाकली का, चार शुभवर्तमानं का, एक का नाही. यांची उत्तरं कोर्स सुरू होण्याआधीच लिहून ठेवली तर धांदल होत नाही.

इस्लामची किंवा पैगंबरांची टिंगल गटात एकदाही खपवून घेऊ नये. त्याची आई अजून नमाज पढत असते. तिच्यावर हसणाऱ्या टोळीत तो राहणार नाही, आणि राहिला तर काळजी जास्त वाटावी.

प्रार्थना आणि शास्त्रवाचन

प्रार्थनेचं सत्र मोकळं आहे: कुठेही, केव्हाही, आपल्या शब्दांत देवाशी बोला. ऐकायला गोड. पण वुजू (नमाजाआधी हातपाय धुणं), किबला (मक्केची दिशा), पाच वेळा, ठरलेले शब्द आणि ठरलेल्या हालचाली या चौकटीतून आलेल्याच्या हातून चौकट काढून घेतली आणि ‘केव्हाही’ दिलं, की त्याचा अर्थ काही आठवड्यांत ‘कधीच नाही’ होतो. तो स्वतःला दोष देत बसतो. म्हणून या सत्राला जोड द्यावी: सकाळ आणि रात्र अशा दोन ठरलेल्या वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं, एक स्तोत्र मोठ्याने, प्रभूची प्रार्थना, मग आपले शब्द. गुडघे टेकणं, दंडवत, हात पसरणं हे सगळं शास्त्रात आहे. ते सोडायला कुणी लावू नये. स्तोत्रं त्याला जबूर म्हणून नावाने तरी ठाऊक असतात. स्तोत्र ५१ आणि १३९ सुरुवातीला चांगली.

शास्त्राच्या सत्रात एक लहानशी गोष्ट मोठं नुकसान करते. युवा गटात पवित्र शास्त्र जमिनीवर, चपलांच्या बाजूला, कपाखाली पडलेलं असतं, आणि पेनाने रंगवलेलं असतं. ज्याने कुराण नेहमी उंचावर, कापडात गुंडाळून ठेवलेलं पाहिलं त्याला हे पाहून एकच कळतं: या लोकांना आपल्या ग्रंथाची किंमत नाही. टेबल पुसून त्यावर प्रती नीट रचून ठेवायला काही खर्च येत नाही. अधोरेखन करायचं तर छापलेल्या वेगळ्या कागदावर करावं.

कुठून वाचावं? योहानापासून सुरू करायचा रिवाज आहे. आम्ही लूक सुचवू. जखऱ्या, मरिया, योहान बाप्तिस्मा करणारा हे सुरुवातीचे प्रसंग एकोणिसाव्या सूऱ्यामुळे त्याच्या ओळखीचे असतात, आणि तिथून गोष्ट कशी पुढे जाते याची उत्सुकता आपोआप लागते. चोवीस अध्याय, आठवड्याला दोन, म्हणजे बारा आठवड्यांत संपतो. कोर्सच्या बरोबरीने नेमका बसतो. लूक झाल्यावर प्रेषितांची कृत्ये, मग योहान.

फोनवरच्या ॲपविषयी: ॲप सोयीचं आहे, पण फोन घरात कोण कोण हाताळतं ते आधी विचारा. रोजच्या वचनाची सूचना भलत्या वेळी पडद्यावर झळकली की बाकी सगळी गुप्तता वाया. सूचना बंद, खात्यावर खरं नाव नको, मित्रांना दिसणारी नोंद बंद.

शिबिर

पवित्र आत्म्याचं शिबिर हा अल्फाचा गाभा समजला जातो. मुक्कामाला घरून परवानगी मिळत नाही, आणि मग मूल खोटं सांगून येतं. मंडळीने त्या खोट्याला हातभार लावू नये. अठरा वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीशिवाय शिबिराला नेऊच नये, कायद्याच्या दृष्टीनेही आणि विश्वासाच्या दृष्टीनेही. त्याऐवजी सकाळी दहा ते चार असा एक दिवस घ्यावा, किंवा तीन विषय तीन आठवड्यांत वाटून घ्यावेत. परिणाम कमी होतो असं म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही.

शिकवताना लक्षात ठेवायचं की रूह-उल-कुदूस (शब्दशः ‘पवित्र आत्मा’) म्हणजे जिब्रील फरिश्ता असं मुस्लिम परंपरेत सर्रास मानतात. ‘पवित्र आत्मा तुझ्यात येईल’ हे वाक्य त्यामुळे भलत्याच अर्थाने ऐकलं जातं. व्हिडिओ लावण्याआधी पाच मिनिटं यावर घालवा. प्रार्थना करताना हात ठेवायचा तर आधी विचारून, खांद्यावर, आणि मुलीसाठी बाईनेच. दिवे मंद, संगीत चालू आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, अशा वेळी कुणाकडूनही निर्णय घेऊ नये. बाप्तिस्म्याची गोष्ट त्या दिवशी काढूच नये.

आरोग्यदानाच्या सत्रात स्वप्नांचे अनुभव निघतात. इस्लाममधून आलेल्या पुष्कळ विश्वासणाऱ्यांच्या साक्षीत (विश्वासात कसं आलो या गोष्टीत) स्वप्न असतं. त्याला हसू नये आणि डोक्यावरही घेऊ नये. पुढे तो काय वाचतो आणि कसा जगतो तिकडे बघावं. वाइटाच्या प्रतिकाराचं सत्र मात्र तोकडं पडतं. नजर, जिन, गळ्यातला तावीज या खऱ्या भीतींवर त्यात काही नाही. मंडळीच्या जाणत्या माणसाने वेगळं बसून बोलावं, आणि तावीज काढायचा निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यावा.

‘इतरांना कसं सांगावं’: हे सत्र असं चालवू नका

फिल्ममध्ये हा विषय संकोचाचा आहे. मित्र हसतील, विचित्र वाटेल, तरी धीर करून बोला. मुस्लिम घरातल्या मुलासाठी तो घर, शिक्षणाचा खर्च, बहिणीचं लग्न, कधी कधी जिवाचाही विषय असतो. काही देशांत इस्लाम सोडणं हा गुन्हा आहे. काही ठिकाणी धर्मांतराआधी सरकारी कचेरीत सूचना द्यावी लागते, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. अशा मुलाला बाकीच्या गटाबरोबर ‘या आठवड्यात एकाला तरी सांगा’ असा गृहपाठ देणं बेजबाबदारपणाचं आहे.

त्याच्यासाठी वेगळी बैठक घ्यावी, गटाबाहेर, एका विश्वासू वडीलधाऱ्याबरोबर. त्यात तीन याद्या करायच्या: कोणाला माहीत आहे, कोणाला कळलं तर चालेल, कोणाला एवढ्यात कळता कामा नये. याद्या त्याच्या, कागद त्याच्याकडे किंवा फाडून टाकलेला. पाळकानेही परस्पर कुणाला सांगायचं नाही, ‘प्रार्थनेसाठी म्हणून’ सुद्धा नाही. बहुतेक बातम्या प्रार्थनेच्या विनंत्यांमधूनच फुटतात. घरी सांगायचं ठरलं तर ईदच्या दिवशी, लग्नघरात किंवा वडिलांच्या पाहुण्यांसमोर नको. आधी कोणत्या भावंडाशी किंवा मावशीशी बोलता येईल ते पाहावं. वाद घालायला नाही, सन्मान राखून सांगायला जायचं. ओळखपत्र आणि शाळा-कॉलेजचे दाखले यांच्या प्रती सुरक्षित ठिकाणी, काही दिवस राहता येईल असं एक घर, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर हे आधी तयार हवं. यातलं काहीच तयार नसेल तर सांगायची वेळ आलेली नाही, हे त्याला स्पष्ट सांगावं. थांबणं म्हणजे येशूला नाकारणं नव्हे. निकदेमही येशूकडे गुपचूप रात्रीच आला होता.

फोटो, गटाचं ढळढळीत नाव असलेला चॅट ग्रुप, थेट प्रक्षेपण, बाप्तिस्म्याचा व्हिडिओ यांतलं काहीही नको. नोंदणीच्या फॉर्मवर पूर्ण नाव आणि पत्ता मागायची गरज नसते. पहिलं नाव आणि तातडीचा एक नंबर पुरतो.

पाहुणा ते मदतनीस, मदतनीस ते युवा सेवक

अल्फात एका फेरीतला पाहुणा पुढच्या फेरीत मदतनीस म्हणून परत येतो. ही कोर्समधली सर्वांत हुशार कल्पना आहे. घर दुरावलेल्या मुलाला तिच्यातून जागा मिळते, काम मिळतं, वाट पाहणारी माणसं मिळतात. युवा सेवेचं पाचारण अनेकांना इथेच पहिल्यांदा जाणवतं, आणि त्यात नवल नाही. ज्या गटाने त्याला सांभाळलं त्याच गटाचं काम त्याला करावंसं वाटतं. शिवाय त्याच्याकडे शिदोरी असते. पाठांतराची सवय, उपवासाची शिस्त, आणि विश्वासाची किंमत मोजावी लागते याची जाण मंडळीतल्या मुलांना त्याच्याकडून शिकता येते.

बिघडतं ते घाईमुळे. ‘मुसलमान होता, आता ख्रिस्ती झाला’ अशी ओळख करून देऊन त्याला मंचावर उभं करतात. टाळ्या पडतात. दुसऱ्या मंडळीतून बोलावणं येतं. सहा महिन्यांत त्याची साक्ष पाठ होते आणि शास्त्र मागे राहतं. १ तीमथ्य ३:६ नव्याने विश्वासात आलेल्याला अधिकारपद देऊ नये म्हणतं, ते गर्वाच्या भीतीने. इथे त्यात सुरक्षिततेची भीतीही मिसळते. पौलाचं उदाहरण देतात, पण पौल आधी अरबस्तानात गेला आणि तीन वर्षांनी यरुशलेमला आला (गलती १:१७–१८), आणि तिथे बर्णबाने त्याचा हात धरला म्हणून प्रेषितांनी त्याला जवळ केलं (प्रेषितांची कृत्ये ९:२७). हा बर्णबा आधी शोधा, मग मदतनीसाचा बिल्ला द्या.

पायऱ्या साधारण अशा ठेवाव्यात. पहिल्या फेरीत मदतनीस म्हणून फक्त व्यवस्था: खुर्च्या, जेवण, उशिरा येणाऱ्याजवळ बसणं. चर्चेत तो बोलणार नाही, ऐकेल. दुसऱ्या फेरीत यजमानाबरोबर एक सत्र चालवणं, आधी तयारी आणि नंतर अर्धा तास परतपाहणी. त्यानंतर दहा मिनिटांचं बोलणं, शास्त्रभागावर, स्वतःच्या गोष्टीवर नव्हे. बाप्तिस्म्यानंतर किमान एक पूर्ण वर्ष जाईपर्यंत गटाची जबाबदारी एकट्यावर नको. साक्ष मागायची तर बंद खोलीत, ओळखीच्यांसमोर, आणि त्याने नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं नाही. अप्पुल्लोचं वक्तृत्व चांगलं होतं, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला बाजूला घेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). बाजूला घेऊन केलेलं असं शिकवणं अल्फात नाही, ते मंडळीने जोडायचं.

पाचारण खरं आहे का हे कशावरून ओळखावं? कुणी बघत नसताना काम करतो का, कंटाळवाण्या मुलाजवळ बसतो का, चूक दाखवली तर ऐकतो का, आणि इतरांनाही त्याच्यात ते दान दिसतं का. सावध करणाऱ्या खुणाही आहेत. जुन्या धर्माची नालस्ती करायची हौस, आईवडिलांवरचा राग सेवेत ओतणं, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे राहण्या-खाण्यासाठी पूर्णपणे मंडळीवर अवलंबून असणं. ज्याचं छप्पर पाळकाच्या हातात आहे त्याचा ‘हो’ मोकळा की लाचारीचा, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. म्हणून आधी शिक्षण किंवा नोकरी मार्गी लावा, राहण्याची मदत युवा विभागाबाहेरच्या माणसांकडून द्या, मग सेवेचं बोला. तो आला म्हणून त्याला मुस्लिमांमधल्या सेवेलाच जुंपायचं, हीसुद्धा एक जबरदस्तीच. त्याला बारा वर्षांच्या मुलांबरोबर चेंडू खेळत शिकवायचं असेल तर तेच त्याचं पाचारण.

मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू असलेले नियम त्यालाही लागू: पार्श्वभूमीची तपासणी, खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, अल्पवयीनांशी रात्री खासगी चॅट नाही. तपासणीसाठी कायदेशीर नाव लागतं. ते कागद एकाच माणसाकडे, कुलपात. मंडळीत तो दुसऱ्या नावाने वावरत असेल तर दोन नावांची जोडी कुठल्याही सामायिक यादीत दिसता कामा नये. नाव बदललंच पाहिजे असा आग्रहही नको.

दुसरं काय आहे

गटात बहुसंख्य मुलं मुस्लिम पार्श्वभूमीची असतील तर अल्फा ओढूनताणून बसवण्यापेक्षा अल मसीरा हा कोर्स पाहावा. तो नबींच्या क्रमाने येशूपर्यंत येतो, म्हणजे आम्ही वर सुचवलेली दुरुस्ती तिथे मुळातच आहे. चालवणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि तारुण्यातली विनोदबुद्धी त्यात अल्फाइतकी नाही. साधनं काहीच नसतील तर एक शास्त्रभाग, एक वही आणि तीन प्रश्न (देवाविषयी काय कळलं, माणसाविषयी काय कळलं, मी या आठवड्यात काय करेन) एवढ्यावरही वर्षभर गट चालतो.

मिश्र गटात अशी एकच मुलगी किंवा एकच मुलगा असेल, आणि बहुतेक ठिकाणी तसंच असतं, तर अल्फा सोडून दुसरा कोर्स घेऊ नका. तिच्यासाठी अर्धा तास आधी या. त्या आठवड्याचा व्हिडिओ तिच्याबरोबर आधी बघा, कुठला शब्द कुठे अडेल ते विचारा, आणि कोणता प्रश्न तिला सगळ्यांसमोर विचारलेला चालणार नाही तेही विचारून घ्या. अल्फात फिल्मऐवजी माणसाने प्रत्यक्ष बोलण्याचीही पद्धत आहे. येशूच्या मरणाचं सत्र तरी तसंच घ्यावं, म्हणजे बोलणाऱ्याला तिचा प्रश्न ठाऊक असेल आणि पहिल्या पाच मिनिटांतच तो टेबलावर येईल.